त्याच्या डोक्यावरचं तेल

शिळफाट्याला एका दुकानात मशीनवर अंगठा घेऊन पैसे काढून देणारा एक जण हाय. डोक्याला एवढं खोबरेल थापतो, की माशी बसली तर घसरंल. कुणीबी बाई आली, की म्हणणार, "या शेठाणी!"

नवरा गेल्यापासून मी दुसऱ्याच्या शेतात लावणी केली, रिसॉर्टवर भांडी घासली. अंगठ्याच्या रेघा पार झिजल्या. पेन्शन सुरू झाली, तर मशीन अंगठा घेईना. सोबत आलेला पोरगा म्हणाला, "आये, पैसे माज्याच खात्यात वळव." जल्मात पहिल्यांदा माज्या नावावर पैसे आलेले.

तेवढ्यात त्या माणसानं डोकं पुढं केलं. "शेठाणी, घासा हितं अंगठा. तेलानं उमटतो."

मी घासला, मशीनवर दाबला. उमटला की! तो पोराला म्हणाला, "तू बस रं बाकड्यावर. शेठाणी धडधाकट हायेत."

तवापासून दर महिन्याला तो डोकं वाकवतो, मी अंगठा घासते. परवा नवीन मशीन आलं. कोरडा अंगठा एका झटक्यात घेतला. तरी मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"आता कशाला, शेठाणी?"

"गप ऱ्हा. आज तेल न्यायला नाय ठेवला, रं."