अठरावा ग्लास

सहलीचा कागद हातात आला की अण्णा आधी 'मोकळा वेळ' शोधून त्यावर काट मारायचे. "मोकळा म्हंजे काय करायचं मानसानं? कायतरी लिव तितं." नांदे गावात मी त्यांच्याकडे भाड्याने राहायचो. जमीन विकून त्यांनी सतरा सीटांची गाडी घेतली होती. आमच्या ऑफिसच्या सगळ्या सहली ते स्वतःच न्यायचे.

यंदा द्राक्षमळ्याची टूम निघाली. मळा बघायचा, जेवायचं, मग वाइन चाखायची. आखणी माझ्याकडे होती. शेवटच्या ओळीवर अण्णांचं बोट थांबलं. "हे दोन तास मी गाडीत बसनार." मला वाटलं, संकोचतायत. मी मळ्यावर फोन करून त्यांच्यासाठी अठरावा ग्लास सांगून ठेवला.

त्या दुपारी मीच त्यांना हाताला धरून आत आणलं. मळ्यातल्या बाई ग्लास कसा फिरवायचा ते दाखवत होत्या. "ही दारू नव्हे हो अण्णा, वाइन! एक घोट फक्त," म्हणत मी ग्लास त्यांच्या हातात दिला. गाडी चालवणाऱ्याला! माझी अक्कल कुठे चरायला गेली होती कोण जाणे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ग्लास अण्णांच्या ओठांपर्यंत गेला आणि थांबला. मग त्यांनी तो टेबलावर ठेवला, माझं मनगट पकडलं आणि मला बाहेर ओढलं.

"ह्या चाव्या खिशात घाल. मी मागितल्या तरी देऊ नगस. अकरा वर्सं झाली सोडून. येताना रस्त्याला दारूचं दुकान दिसलंय मला." त्यांना घाम फुटला होता. "हितंच बस. बोलत ऱ्हा."

मी काय बोललो आठवत नाही. दोनदा त्यांनी हात पुढे केला, दोनदा मी नाही म्हटलं. दुसऱ्यांदा त्यांनी मला आईवरून शिवी दिली. शरमेने मला रडू येत होतं. चारच्या सुमारास ते उठले आणि नळाखाली डोकं धरून बराच वेळ उभे राहिले. "आता दे," म्हणाले. आवाज नेहमीचा होता.

आमच्या दुचाक्या अण्णांच्या अंगणात होत्या. गाडी थांबताच अण्णांच्या पत्नी, आमच्या काकू, थेट त्यांच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. सगळे बघत होते. मी मध्ये बोलणार, तोच अण्णांनी हाताने मला गप्प केलं. मग त्यांनी खाली वाकून काकूंसमोर तोंड उघडलं.

काकूंनी वास घेतला. पुन्हा एकदा घेतला.

"हातपाय धुवा," म्हणाल्या, आणि तिथेच पायरीवर मटकन बसल्या.