काल तर आलो होतो

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, चर्चच्या पाळकसाहेबांनाही नाही. प्रार्थनेतसुद्धा मी याच्या आजूबाजूने फिरून येतो – देवापुढे पापं कबूल करतो ती ठोक भावात, सुटी सुटी करून नाही. तुम्हाला सांगतो. तुम्ही मला ओळखत नाही, ते बरंच आहे.

आधी ओळख देतो, म्हणजे किळस नीट येईल. नागपुरातल्या आमच्या चर्चमध्ये महिन्यातून एखाद्या रविवारी मी संदेश देतो. हिंगण्याच्या कारखान्यातून निवृत्त झालो, आवाज चांगला आहे, चार लोकांपुढे उभं राहायची लाज नाही – एवढं भांडवल पुरतं. विषय माझा ठरलेला: ख्रिस्ती माणसानं आजमध्ये जगावं. कालचं ओझं प्रभूच्या पायाशी टाकावं, उद्याची काळजी त्याच्या हाती द्यावी, आणि समोर आहे त्या घटकेत देवाला भेटावं. लोक डोळे पुसतात. बाहेर पडताना माझा हात हातात घेऊन म्हणतात, "भाऊ, तुमाले जमलं हे." इतक्या स्वस्तात रडणाऱ्या त्या लोकांचा मला तेव्हाही तिटकारा यायचा – आणि तरी मी पुढच्या पाळीची वाट बघायचो.

आता ताई. माझी थोरली बहीण. आई लवकर गेली, मला हिनंच वाढवलं. उमरेडला नर्स होती, लग्न केलं नाही. म्हातारपणी तिची आठवण जाऊ लागली. जुनं सगळं शाबूत, पण सकाळचं दुपारी पुसलेलं. आम्ही तिला उमरेड रोडवरच्या एका वृद्धाश्रमात ठेवलं. 'आम्ही' कशाला म्हणू? मी ठेवलं. दर रविवारी उपासनेनंतर येईन, असा शब्द दिला.

काही महिने गेलोही. मग – काय झालं म्हणून सांगू? काहीच झालं नाही. ऊन असायचं. जेवल्यावर डोळा लागायचा. टीव्हीवर क्रिकेट असायचं.

एकदा बऱ्याच आठवड्यांनी गेलो. ताई व्हरांड्यात खुर्ची टाकून फाटकाकडे बघत बसली होती. मला पाहून आधी हसली, मग रुसली.

"किती दिवसानं आला रे विनू. काहून येत नव्हता?"

आणि मी म्हणालो, "काय ताई, काल तर आलो होतो."

किती सहज निघालं तोंडातून. ती गोंधळली. कपाळावर हात ठेवून आठवू लागली – आठवणार काय होतं?

"काल आला होता? मले तं काहीच याद राहत नाही रे. रागावू नको, बाप्पा."

तिनं माझी माफी मागितली. आणि मी – मी ती दिली. "असू दे," म्हणालो.

तिथे थांबायला हवं होतं ना? मला उलट हुरूप आला. मी कालचे दिवस रचू लागलो. काल आपण अंगणात फिरलो, तू दोन गाणी म्हटलीस. तिच्या वाढदिवसाला तर फिरकलोच नाही. नंतर सांगितलं, केक कापला, खोली माणसांनी भरली होती. "कोन कोन होतं?" तिनं विचारलं. मी एकेक नाव घेत गेलो, ती प्रत्येक नावाला हसत गेली. मग रडवेली झाली – एवढा चांगला दिवस, आणि आपल्याजवळ त्यातलं काही उरलं नाही म्हणून. खूश झाली ना ती, असं मी घरी येताना स्वतःला सांगितलं. थू.

तिच्या शेजारच्या खाटेवर गोदावरीबाई होत्या. अंथरुणाला खिळलेल्या, पण डोकं ठणठणीत. कोण येतं, कोण येत नाही, सगळं त्यांना माहीत. मी बोलायला लागलो की त्या भिंतीकडे तोंड करायच्या. ताईला मात्र त्यांनी कधी काही सांगितलं नाही. जाताना मी त्यांना "नमस्ते मावशी" म्हणायचो. म्हणवत होतं मला.

ताईजवळ आजशिवाय काही शिल्लक नव्हतं. मी जे माइकवरून सांगायचो, ते ती जगत होती, त्या खुर्चीत, त्या घटकेत. आणि त्या घटकेत तिच्यापाशी असायला हवा होता तो माणूस पंख्याखाली घोरत होता.

शेवटच्या भेटीत तिनं माझा हात धरला. म्हणाली, "बस, प्रार्थना करू." तिचा हात कागदासारखा हलका झाला होता. डोळे मिटून ती बोलू लागली.

"प्रभू बापा, माहा विनू किती वेळा येते. मले याद राहत नाही. पन तुले तं सगळं याद असते. तो जितक्या खेपा आला, तितक्या खेपांचा त्याले आशीर्वाद दे."

मी आमेन म्हटलं. चर्चमध्ये म्हणतो तसं, खणखणीत.

ती गेली त्या आठवड्यात मी तिकडे गेलो नव्हतो. दफनाच्या वेळी पाळकसाहेब मंडळीला म्हणाले, असा भाऊ मिळायला भाग्य लागतं. मी मान खाली घातली – नम्र माणसं घालतात तशी. पुढच्या महिन्यात माझी संदेशाची पाळी आली. मी विषय बदलला नाही.