गेमिंग कार्ड आणि आमची गाभण चंद्री

आता तुम्ही हसणार, हे मला ठाऊक आहे. पण चहा घेतलाय तुमचा, तेव्हा सांगतोच. एवढा बावळटपणा पोटात ठेवून माणूस किती दिवस हिंडणार?

वय माझं बेचाळीस. जुन्नरला मोटार रिवाइंडिंगचं दुकान, घर पिंपळवंडीत. आणि नाद कसला? तर कम्प्युटरवर गाड्यांच्या शर्यती खेळायचा! समोर माझा मेहुणा सचिन. तो मंचरहून, मी घरातून, ऑनलाइन.

सलग तीन रविवार हरलो राव! ऐन वळणावर माझी गाडी जागच्या जागी थिजायची आणि सचिन टाटा करून पुढं.

शेवटी पैज लागली. पुढच्या रविवारी जो हरेल, त्यानं मंचरच्या जत्रेत सगळ्या पाव्हण्यांसमोर दुसऱ्याची मोटारसायकल धुवायची. जावयानं सासुरवाडीत मेहुण्याची गाडी धुवायची? अहो, त्यापेक्षा आजारी पडलेलं बरं!

त्यातच एका व्हिडिओत एक जण बोंबलत होता, ‘गेमिंग नेटवर्क कार्ड लावा, अडकणं विसरा!’ झालं. दुसऱ्या दिवशी जुन्नरच्या पेठेत कम्प्युटरवाल्या शेठजींच्या दुकानात हजर.

“भाऊ, हे कार्ड नका घेऊ,” शेठ म्हणाले.

“का? स्टॉकला नाय का?”

“आहे की. कधीचं पडून आहे. पण तुमच्या कम्प्युटरला आहे ते पुरतं. घरची इंटरनेटची लाइन कोण कोण वापरतं, ते बघा आधी.”

आता सांगा, दुकानदारच घेऊ नका म्हणतोय! दुसरा कुणी असता तर आभार मानून परत फिरला असता. मला वाटलं, शेठ मला अडाणी समजतोय.

“शेठ, तुमी फकस्त प्याक करा. लाइनीचं आमी बघतो!”

गाईची दोन महिन्यांची पेंड आली असती एवढे पैसे मोजले आणि लाल दिवे लुकलुकणारं ते कार्ड घरी आणलं.

रविवारी दुपारी कार्ड बसवून, हेडफोन चढवून सरावाची एक फेरी मारली. पहिल्याच वळणावर गाडी थिजली! मी असा ओरडलो की बायको धावत आली.

“त्या कार्डाला कशाला शिव्या देताय? गोठ्याचे क्यामेरे बघा आधी.”

“क्यामेऱ्याचं काय मधीच?”

“अवो, तुमीच न्हाई का सगळ्यांना पासवर्ड वाटला?”

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बिबट्याच्या भीतीनं आम्ही गोठ्यावर चार कॅमेरे लावलेत. आमची चंद्री गाय गाभण. महिन्यापूर्वी मीच मोठ्या तोऱ्यात भावकीच्या ग्रुपवर पासवर्ड टाकला होता, ‘घरबसल्या चंद्रीला बघा!’ तेव्हापासून ठाण्याची आत्या, नाशिकचे काका, चाकणची बहीण, सगळं खानदान दिवसभर गाईकडं टक लावून! आमची सगळी लाइन चंद्री खात होती.

“आणि आमचा सचिनबी बघतोय,” बायको म्हणाली. “शर्यत खेळता खेळता, मोबाइलवर!”

शर्यतीला पाच मिनिटं उरलेली. मी पळत पुढच्या खोलीत जाऊन कॅमेऱ्यांची वायर उपटली आणि येऊन बसलो.

काय सांगू! गाडी लोण्यासारखी पळाली. एकदासुद्धा अडकली नाही. आणि शेवटच्या वळणावर मी स्वतःच्या हातानं ती भिंतीत घातली. सचिन जिंकला. या वेळी दोष द्यायला लाइनसुद्धा उरली नव्हती.

हेडफोन काढतोय तोवर फोन खणाणला. “अरे मेल्या, गाय कुठं गेली? काळंकुट्ट दिसतंय सगळं!” आत्या ठाण्याहून किंचाळत होती. तेवढ्यात आई हात पुसत गोठ्यातून आली.

“कालवड झाली! लई गोड हाय. तू व्हतास कुठं?”

महिनाभर डोळे लावून बसलेल्या भावकीतल्या एकानंही ती जन्मताना पाहिली नाही. आत्या अजून माझ्याशी बोलत नाही, आणि खरं सांगतो, मलाही फार वाईट वाटतं.

जत्रेत गाडी धुवायला बसलो तर ही गर्दी! त्यात सचिनच्या एका मित्रानं विचारलं, “दाजी, ते महागाचं कार्ड घेण्यासारखं हाय का वो?”

मी फडकं पिळलं. “नको रे बाबा. मी काढून बघितलं. कार्डाशिवायसुद्धा तेवढ्याच वेगात हरता येतं.”