पाळ नसलेले तलाव

आरोप आधी करते, पत्रकं लिहून लिहून हात तसाच वळलाय. अमेरिकेतल्या तळ्यांना कोणी शिवत नाही. पाणी असतं, भोवती डांबरी पायवाट असते, एक बाक असतो, बाकावर कोणा दिवंगताचं नाव कोरलेलं असतं आणि एक पाटी असते. पोहू नका, उतरू नका, बदकांना खाऊ घालू नका. माणसं गोल फिरतात, गाडीत बसतात, घरी जातात. धुणं नाही, म्हैस नाही, डोंगा नाही, जाळं नाही. एवढं पाणी आणि एकाही बाईचे पाय ओले नाहीत, हे मला तेव्हा पटलं नाही आणि आजही पटत नाही.

मी भंडारा जिल्ह्यातली. आमच्याकडे गावागावाला जुना मालगुजारी तलाव असतो. मातीची लांब पाळ घालून अडवलेलं पाणी, पाळीखाली धानाची शेतं, पाण्यात ढिवरांची मासेमारी आणि शिंगाड्याच्या वेली. कॉलेजात असताना आमच्या तलावाचा मासेमारीचा ठेका एका ठेकेदाराच्या घशात चालला होता. आम्ही पाच-सात जणांनी गुलाबी कागदावर पत्रकं छापून बाजारात वाटली. पहिल्या ओळीत आरोप, शेवटच्या ओळीत मागणी, मध्ये रडगाणं नको, अशी आमची शिकवण. ठेका ढिवरांकडेच राहिला. नंतर माझं लग्न झालं. नवरा पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला. मी अमेरिकेत पिस्कॅटवेला एका अपार्टमेंटमध्ये डिपेंडंट व्हिसावर येऊन पडले. त्या व्हिसावर नोकरी करता येत नाही. पत्रकं वाटता येतात, पण वाटायची कोणाला? रस्त्यावर माणसंच नसतात.

२००६च्या उन्हाळ्यात आई सहा महिन्यांसाठी आली. बाबा आदल्या वर्षी गेले होते, आणि मला ना भाऊ ना बहीण. आईनं परत जाऊच नये, असं माझ्या मनात होतं. आधी सहा महिने मुदत वाढवून घ्यायची, पुढचं पुढं. मी विचारलं की ती म्हणायची, "पाहू." शाळेत तीस-एक वर्षं शिकवलेल्या बाईचं ते पाहू. त्याच्या पुढं वाद नसतो.

तेव्हा मी मोहीमच काढली. आईला पाणी दाखवायचं. गावी तिची संध्याकाळ पाळीवर जायची. इथंही तसं पाणी मिळालं तर ती राहील, असं साधं गणित. दर वीकेंडला नवरा ड्राइव्ह करायचा, मी नकाशा धरायची, आई मागं बसून दाणे खायची. आम्ही तळी पाहिली, तळ्याकाठची गुलाबाची बाग पाहिली, पाण्यावर वाकलेले विलो पाहिले. आई प्रत्येक ठिकाणी म्हणायची, "छान आहे." पाहुण्याच्या घरची भाजी बिघडली की ती अशीच छान म्हणते.

एका तळ्यावर मात्र तिनं तोंड उघडलं. "याले पाळ कुठं आहे?"

"पाळ नाही, आई," नवरा म्हणाला. "नॅचरल लेक आहे. हिमनदीनं केलेलं."

"मग पाणी कोण सोडते? पाळी कोण लावते शेताची?"

"शेतीला नाहीच लागत इथलं पाणी."

"मंग कशाले आहे?"

"बघायला," नवरा म्हणाला आणि त्यानं माझ्याकडं पाहिलं. त्याला वाटलं आता मी भाषण सुरू करणार. मी केलंच. परतीच्या वाटेवर सगळ्यांना ऐकावं लागलं.

जुलैच्या शेवटी आम्ही उत्तरेला दोनेक तासांवर एका जुन्या इस्टेटीत गेलो. कोणा गिरणीमालकाला इंग्लंडच्या खेड्यातली तळी आणि बागा आवडल्या, म्हणून त्यानं इथं ओढा अडवून तसंच तळं केलं. काठावर तसेच गुलाब, तसाच लाकडी पूल, उंच निळ्या फुलांचे तसेच ताटवे. लढून इंग्रजांना हाकलायचं आणि मग पैसा आला की त्यांच्या परसाची नक्कल करायची, असं मी म्हणाले. "यार, निदान तिकीट तरी वसूल होऊ दे," नवरा म्हणाला.

खरं सांगायचं तर जागा सुंदर होती. इतकी सुंदर, की मला राग येत होता आणि तिथून हलवतही नव्हतं. धुकं नुकतं उठलेलं, पाण्यावर पुलाची सावली, कुठंतरी गवत कापल्याचा वास.  असं पाणी समोर असलं की मला त्याच्या काठावर बसायचं नसतं, त्यात जायचं असतं.

आई पुलावर थांबलीच नाही. ती भराभरा पलीकडं गेली आणि ओढा जिथं अडवला होता त्या मातीच्या बांधावर चढली. चपला हातात घेतल्या. "याले पाळ आहे," ती तिथूनच म्हणाली. तिचा आवाज तीन महिन्यांत पहिल्यांदा मोठा झाला होता. मी नवऱ्याचा दंड धरला. मला वाटलं, झालं. राहिली.

बांधाच्या टोकाला दहा-बारा माणसं कामाला लागली होती. काही छोट्या होड्यांत, काही कमरेपर्यंत रबरी पॅंट चढवून पाण्यात. सगळे स्वयंसेवक. पाण्यावर पसरलेल्या वेली उपटून काठावर ताडपत्रीवर टाकत होते. आई त्या ढिगापाशी उकिडवी बसली. तिनं एक वेल उचलली, त्रिकोणी पानांचा झुबका उलटा केला आणि खाली बोटं घातली.

"अगं, शिंगाडा आहे हा," ती म्हणाली. लगेच बोट झटकलं. "चार काटे आहेत याले. आपल्याकडचा दोन काट्यांचा."

मी खाली बसले. हिरवा, कोवळा, ओल्या चिखलाचा. आईनं नखानं साल सोलली, पांढरा गर दातानं तोडला आणि अर्धा माझ्या तोंडात घातला. दुधाळ, किंचित तुरट. मी किती वर्षांनी खाल्ला ते आठवेना. डोळ्यांत पाणी आलं, ते मी पुसलंही नाही.

त्यांची पुढारी, पांढऱ्या केसांची एक बाई, धावत आली. कच्चं खाऊ नका, पोट बिघडेल, असं तिनं काकुळतीनं सांगितलं. ही वेल इथली नाही. कोणीतरी शोभेला आणली आणि ती सुटली. सगळं तळं झाकून टाकते, खाली उजेड जात नाही, मासे गुदमरतात. म्हणून दर उन्हाळ्यात उपटतो आणि पाण्यापासून लांब नेऊन कुजवतो.

मी हे आईला सांगितलं. आई म्हणाली, "खात नाहीत?"

"नाही."

"विकत नाहीत?"

"नाही, आई."

"म्हणजे आपल्यासारखीच बाहेरून आली म्हणा, फक्त विनाव्हिसाची," नवरा मला म्हणाला. त्याला तो विनोद फार आवडला. मला आवडला नाही. मी त्या बाईशी भांडायला तोंड उघडलं होतं आणि भांडण सापडत नव्हतं. बाई बरोबर होती. आम्हीही गावच्या तलावात माजलेली बेशरमाची झुडपं उपटली होती, अशीच, घामाघूम होऊन, आणि ती कोणाला आवडतात का, हे विचारत बसलो नव्हतो. विरोधक चुकीचा असला की मला बरं वाटतं. इथं कोणीच चुकीचं नव्हतं.

तोवर आईनं पदर खोचला होता. "तिले विचार, मी उतरू काय?"

उतरायला सही लागत होती. आईनं कागदावर देवनागरीत झोकदार सही केली.

"आई, आता बुडालात तर त्यांची जबाबदारी नाही," नवरा म्हणाला.

"जावईबापू, बुडायले पाणी तर पाहिजे."

ती लुगडं गुडघ्यापर्यंत ओढून पाण्यात गेली, तिच्या मागं मी गेले. तळाचा चिखल बोटांमधून वर आला. आम्ही दुपारपर्यंत वेली उपटल्या. आई त्या पांढऱ्या केसांच्या बाईशी मराठीत बोलत होती, ती इंग्रजीत उत्तर देत होती, आणि दोघी हसत होत्या. मी मनातल्या मनात मुदतवाढीचा अर्जसुद्धा भरून टाकला.

गाडीत आईनं हात नाकाशी नेले. मग खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "माझं टिकीट आहे त्याच तारखेचं राहू दे."

"का? आज आवडलं नाही?"

"आवडलं ना. खूप आवडलं."

"मग राहा की. दर शनिवारी आणते तुला इथं. नेम आहे त्यांचा."

"दर शनिवारी उपटायले येऊ?" आई म्हणाली. "तिकडं आता वेली पाण्यात सोडून झाल्या असतील. नवरात्रापासून थंडीपर्यंत शिंगाडा निघते. मी तिथं असली पाहिजे, बाई. काढायले नाही, नुसतं विकत घ्यायले. कोणीतरी घेणारं पाहिजे ना."

मी मांडीवरच्या नकाशाची घडी घातली.   मला कळून चुकलं, की मी आईला ठेवून घेत नव्हते. तलाव आणता येत नव्हता, म्हणून तलावाकाठचं एक माणूस तरी धरून ठेवत होते.

ती ठरलेल्या दिवशी गेली. पुढच्या जुलैत मी एकटी त्या बांधावर गेले आणि वेली उपटल्या. ती पांढऱ्या केसांची बाई आईची चौकशी करत होती. ऑक्टोबरात एका संध्याकाळी मी कॉलिंग कार्डावरून आईच्या मोबाइलवर फोन लावला. तिच्याकडं सकाळ होती, ती पाळीवर शिंगाडे घेत होती.

"ढिवरीण विचारते, पोरगी तिकडं काय करते," आई म्हणाली. "मी सांगितलं, शिंगाडे उपटून फेकते."

"मग?"

"म्हणते, बाई, काहून थट्टा करता गरिबाची."

मागं पाण्यात काहीतरी जड पडल्याचा आवाज आला.

"म्हैस का गं?" मी विचारलं.

"म्हशी आहेत. बरं, ठेवू आता? तुझं कार्ड संपेल."

"संपू दे," मी म्हटलं. "बोलू नको काही. फोन तसाच पाण्याकडं धर."