दारावरचा स्तोयान

बल्गेरियात माणूस गेला की त्याचा फोटो छापलेला कागद दारावर चिकटवतात, आणि वर्षश्राद्धाला नवा लावतात. काल शेजारच्या एलेनाबाई आमच्या इमारतीच्या दारावर त्यांच्या मुलाचा, स्तोयानचा, नवा कागद लावत होत्या.

मी म्हटलं, "इथे पावसात भिजतो. घरात का नाही लावत?"

"घरात मी आहेच की. येणाऱ्याजाणाऱ्यांनी त्याला विसरू नये."

आपण फोटोला हार घालतो, तो चार भिंतींच्या आत. इथे दुःख रस्त्यावर येऊन उभं राहतं, ओळखीचा चेहरा शोधत.

त्या कागदाला चिकटपट्टी लावत होत्या. सुटणारा कोपरा मी धरला.

"माझ्यामागे हा कोण लावील?" त्यांनी माझ्याकडे बघत विचारलं.

दिवाळीत आम्ही कायमचे भारतात परतणार आहोत, हे माझ्या तोंडून निघेना. मी कागद नुसताच दाबत राहिले.