सात काने

छापखान्यात त्यांना सगळे कानामात्राबाई म्हणत, समोर नुसतं बाई. छत्तीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. दुसऱ्याचं लिहिलेलं वाचायचं आणि चुकलेलं दुरुस्त करायचं, तेही डोळ्यांत तेल घालून. खोड इतकी हाडीमाशी खिळलेली की दुकानाची पाटी, औषधाची चिठ्ठी, बसचं तिकीट, काही म्हणून त्यांच्या तावडीतून सुटत नसे. लग्न ठरल्यावर होणाऱ्या नवऱ्याने मोठ्या हौसेने पहिलं पत्र पाठवलं, तर बाईंनी त्यातल्या ऱ्हस्वदीर्घाच्या चार चुका लाल शाईने दाखवून ते परत धाडलं. पुढे त्या बिचाऱ्याने जन्मभर बायकोला साधी चिठ्ठी म्हणून लिहिली नाही. काही सांगायचं असलं की सरळ फोन करायचा.

तर अशा या बाईंच्या हातून एक चूक झाली होती, आणि ती चौतीस वर्षं छापली जात होती.

तेव्हा लढाई संपून वर्ष उलटलं होतं. थोरल्या मालकांनी लढाईवरच्या कवितांचं पुस्तक काढायला घेतलं. मालक माणूस वाचणारा, मनाचा मोठा, पण मतं लोखंडी. कविता कुठून कुठून आल्या. छावण्यांतून आल्या, घराघरांतून आल्या, इस्पितळांतून मेलेल्या शिपायांच्या सामानाबरोबर आल्या. बाई चोवीस वर्षांच्या. छपाईचे खिळे जुळवणाऱ्यांच्या खोलीला लागून फळ्या ठोकून केलेला एक आडोसा, तीच त्यांची खोली. तिथे बसून त्या महिनाभर रोज लढाई वाचत होत्या.

पुस्तकात बायका भरपूर होत्या बरं का. आई होती, बहीण होती, दारात उभी राहून वाट बघणारी होती, डोळे पुसत निरोप देणारी होती. कवितांच्या आत त्यांची ही गर्दी, आणि कवितेखाली सही म्हणाल तर एकीचीही नाही. तेव्हा हे कुणाला खटकलं नाही. बाईंनाही नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

शेवटच्या गठ्ठ्यात एक कागद निघाला. नाव नाही, गाव नाही. एका बाजूला रोग्याच्या तापाचा तक्ता, दुसऱ्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेली कविता. अशी:

त्याने पाणी मागितलं, मी पाणी दिलं.
त्याने हात धरला, मी सोडवून घेतला.
रांगेत अजून चाळीस जण होते.
मी पुढे गेले.
मागून हाक आली. मी वळले नाही.

आणखी बरंच होतं. ‘मी पुढे गेले’ सारखं सारखं येत होतं. बाईंनी कविता वाचली आणि त्यांच्या काळजात चर्र झालं. कागद त्यांनी बाजूला ठेवला. मग पुन्हा वाचायला घेतला, तेव्हा सवयीने डोळा चुकीवर गेला. गेले? वळले? शिपाईगडी ‘मी गेले’ कसं म्हणेल? कागद मेलेल्या शिपायाच्या सामानातून आला होता. खाटेवर पडल्या पडल्या लिहिलं असेल, हात जखमी असेल, काना द्यायचा राहून गेला असेल. बाईंनी लाल पेन उचललं आणि काना दिला. गेलो. वळलो. एकूण सात ठिकाणी, सात काने.

अहो, एकदा राहील काना, दोनदा राहील. सातही वेळा कसा राहील? हा प्रश्न दुसऱ्या कुठल्याही कागदावर बाईंना पहिल्या मिनिटाला पडला असता. इथे पडला नाही, कारण ही कविता एखाद्या बाईने लिहिली असेल हे त्यांच्या स्वप्नातही आलं नाही. त्यांनी स्वतः महिनाभर वाचलेल्या पुस्तकातली बाई हात सोडवून घेत नव्हती.

कविता छापून आली, खाली ‘एक अनाम सैनिक’. आणि बघता बघता ती सगळ्यांच्या तोंडी झाली. एका कान्याने काय होतं बघा. रांग शिपायांची झाली. पुढे जाणं म्हणजे शत्रूवर चालून जाणं झालं. पाणी मागणारा कधी जखमी सोबती झाला, कधी शत्रूचा शिपाई. भाषणं करणारे छाती पुढे काढून ती म्हणू लागले. चौथ्या वर्षी ती शाळेच्या पुस्तकात गेली आणि मालकांनी सगळ्या छापखान्याला चहा पाजला.

त्याच वर्षी ती आली. कडेवर दीड वर्षाची पोर, खांद्याला पिशवी. लढाईत इस्पितळात परिचारिका होते म्हणाली. मालकांसमोर उभी राहून तिने सांगितलं, "ती कविता माझी आहे. तक्त्याच्या पाठीवर लिहिली होती. एक जण गेला, त्याच्या सामानात चुकून गेली. आणि मी ‘गेले’ लिहिलं होतं, तुम्ही ‘गेलो’ छापलंत."

मालकांनी तिला बसायला सांगितलं, पाणी दिलं. कुणाला तोडून बोलणाऱ्यांतले ते नव्हते. "बाई, पुरावा काय?"

"कागद तुमच्याकडेच आला होता ना?"

कागद रद्दीत गेले होते. मालकांनी हात पसरले. मग समजावणीच्या सुरात म्हणाले, "हे बघा, राग मानू नका. बाईमाणूस असं लिहील का? मरणारा हात धरतोय आणि ती सोडवून घेते, पुढे जाते? बाई असती तर तिथे बसली असती, रडली असती. या कवितेत डोळ्यात टिपूस तरी आहे का?"

"चाळीस जण होते," ती म्हणाली.

आडोशाच्या फळीतून बाईंना सगळं ऐकू येत होतं आणि फटीतून दिसतही होतं. तक्ता त्यांनी पाहिला होता. सात काने त्यांनीच दिले होते. उठून बाहेर जायचं आणि एक वाक्य बोलायचं, एवढंच काम होतं. पण नाव झालं होतं त्यांचं. कानामात्राबाईंची चूक, तीही शाळेच्या पुस्तकात? बाईंनी तोंडातून ब्र काढला नाही. जाताना ती आडोशाच्या दाराशी क्षणभर थांबली, तेव्हा बाईंनी मान खाली घालून प्रूफ वाचत असल्याचं सोंग केलं. पोर रडायला लागली म्हणून ती निघून गेली.

पुढची तीस वर्षं बाईंनी एकही चूक सुटू दिली नाही. लोकांना वाटे, काय ही कामाची आवड. आवड कसली, आतून खात होतं ते. नवऱ्याला एकदा सांगायला गेल्या, तर तो म्हणाला, "कवितेत काय एवढं, पोटाला तर काही कमी पडलं नाही ना कुणाच्या." नवरा पुढे वारला. थोरले मालकही गेले. खिळे भंगारात गेले, काँप्युटर आले, फळ्यांचा आडोसा निघून तिथे काच आली. बाई काचेमागे बसून लाल पेनाने कागदावर प्रूफ वाचत राहिल्या.

निवृत्तीला महिना उरला असताना धाकट्या मालकांनी त्याच पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं त्यांच्या टेबलावर ठेवली. हे पोरगं बाईंच्या डोळ्यांदेखत मोठं झालेलं, बाईंनीच त्याला वेलांट्या शिकवलेल्या. प्रुफांबरोबर एक पोस्टकार्ड होतं. "बाई, ही एक गंमत वाचा."

कार्डावर चारच ओळी होत्या. तिसाव्या पानावरची कविता माझी आहे. मागे एकदा येऊन गेले. आता नाव नको, वय झालं. पण तेवढं ‘गेलो’ आहे ते ‘गेले’ करा.

बाईंनी कार्ड खाली ठेवलं. "ही गंमत नाही," त्या म्हणाल्या. "खरं आहे ते."

"कशावरून?"

"ते काने मी दिले."

तो हसला. "तुम्ही? बाई, तुमची चूक दाखवा आणि पेढे घ्या, अशी पैज लागायची इथे."

बाईंनी सगळं सांगितलं. तापाचा तक्ता, पेन्सिल, फळीची फट, कडेवरची पोर. सांगताना आवाज एकदाच फुटला, मान खाली घातल्याचं सांगताना. धाकट्या मालकांनी कार्ड उचलून घेतलं. माणूस बापासारखाच भला, तेवढाच सावध. विचार करून म्हणाले, "दुरुस्त करू. पण तुमच्यावर कशाला घ्यायचं? निघायच्या तोंडावर लोक तुमच्याबद्दल वाट्टेल ते बोलतील. खाली टीप टाकू, आधीच्या आवृत्त्यांत मुद्रणदोषामुळे असं छापलं गेलं होतं."

टीप जुळवून प्रूफ बाईंकडे आलं, ते बाईंनीच वाचायचं होतं. त्यात शुद्धलेखनाची चूक एकही नव्हती. बाईंनी ‘मुद्रणदोषामुळे’ हा शब्द खोडला, मग पूर्ण टीपच खोडली आणि समासात स्वतःच्या अक्षरात लिहिलं: ‘ही कविता लढाईतल्या एका परिचारिकेची आहे. मूळ कागदावर सातही ठिकाणी स्त्रीलिंगी क्रियापद स्पष्ट होतं. बाई असं लिहू शकेल हे मला पटलं नाही, म्हणून मी ते बदललं. ती चार वर्षांनी सांगायला आली, तेव्हा मी गप्प बसले.’ खाली पूर्ण नाव लिहिलं. छापखान्यात निम्म्या लोकांना ते त्या दिवशी कळलं. धाकट्या मालकांनी दोनदा वाचलं आणि सही केली.

पुस्तक छापून आल्यावर पहिली प्रत घेऊन बाई कार्डावरच्या पत्त्यावर गेल्या. तिसरा मजला, जिना अरुंद. कार्ड लिहिणाऱ्या सिस्टर एकट्याच होत्या, पासष्टी उलटलेल्या, गुडघ्यांनी बेजार. बाईंनी दारातच सगळं सांगून टाकलं, बसल्यावर धीर होणार नाही म्हणून.

सिस्टरांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "तुम्हाला मी त्या दिवशी बघितलं होतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही मान वर केली नाहीत. मला वाटलं, हिला तरी कळेल."

"हो," बाई म्हणाल्या.

"माफ वगैरे म्हणायला मला जमणार नाही हं. खोटं कशाला बोलू?"

"मी ते मागायला आले नाही."

सिस्टरांनी चष्मा लावला आणि पान उघडलं. खालचा मजकूर वाचला, एकदा वर बघितलं. मग कविता मोठ्याने वाचायला लागल्या. वॉर्डात नावं पुकारावीत तशा कोरड्या, स्पष्ट आवाजात.

"त्याने पाणी मागितलं, मी पाणी दिलं. त्याने हात धरला, मी सोडवून घेतला. रांगेत अजून चाळीस जण होते. मी पुढे गेलो."

त्या थांबल्या. पानावर ‘गेले’ होतं. पुन्हा वाचलं आणि पुन्हा ‘गेलो’च म्हणाल्या. मग त्यांनी पुस्तक मांडीवर ठेवलं.

"लेकीकडून अशीच पाठ करून घेतली," त्या म्हणाल्या. "मग नातीकडून. पुस्तकातल्यासारखी म्हटली नाही तर मार्क जातील म्हणून. आता माझ्याच तोंडात दुसरं बसत नाही."

 बाईंनी खुर्ची जवळ ओढली, पुस्तक दोघींना दिसेल असं धरलं आणि त्या ओळीवर बोट ठेवलं.

"गेले," बाई हळूच म्हणाल्या.

"गेले," सिस्टर त्यांच्यामागून म्हणाल्या, आणि पुढची ओळ वाचायला लागल्या.