साहेबांचं भाकीत आणि शाळेची बाकं

आमचे साहेब अफगाणिस्तानात कधीच गेले नव्हते, पण त्या देशाचं पुढे काय होणार हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मूळचे पुण्याचे, बहरैनमध्ये मुरलेले, सलमाबादमधल्या आमच्या गोदामाचे मॅनेजर. अफगाणिस्तानातल्या परदेशी सैन्याच्या छावण्यांना खानावळीचं सामान पुरवायचं हा आमचा धंदा. अंड्याची पावडर, केचपची पाकिटं, कॉफी मशिनं, व्यायामाचे ट्रेडमिल, वर्षअखेरीला प्लॅस्टिकची ख्रिसमसची झाडं. माल इथे कंटेनरात भरायचा, जहाजाने कराचीला जायचा आणि पुढे ट्रकने डोंगर ओलांडायचा. मी कागदपत्रं बघायचो: पॅकिंग लिस्ट, कस्टमचे फॉर्म, गेटपास. आठ वर्षं मी त्या युद्धाला केचप पाठवला आणि ते युद्ध कशासाठी चाललंय हा प्रश्न मला जेवणाच्या सुट्टीतही पडला नाही. हे आधीच सांगून टाकतो. साहेबांबद्दल मी पुढे जे बोलणार आहे, त्यात मी स्वतः सोवळा होतो असं कुणाला वाटू नये.

२०२१च्या ऑगस्टमध्ये ते परदेशी सैन्य निघून गेलं. आमच्या आवारात सहा कंटेनर तसेच उभे राहिले. ज्या छावण्यांचे पत्ते त्यांच्यावर होते, त्या छावण्याच उरल्या नव्हत्या. ऑर्डर रद्द झाल्याची एक ओळीची मेल आली. साहेबांनी ती वाचली, मास्क हनुवटीवर ओढला आणि केबिनमधल्या टीव्हीकडे बोट दाखवून म्हणाले, "हा देश खलास. लिहून ठेवा तुम्ही."

त्यानंतर रोज सकाळी चहाबरोबर भाकीत असायचं. कधी तो देश तीन तुकड्यांत फुटायचा, कधी शेजारी गिळायचे. एका शुक्रवारी त्यांची गाडी सर्व्हिसिंगला होती म्हणून मी त्यांना उम्म अल हस्समच्या एका हॉटेलात सोडायला गेलो आणि आग्रहाने जेवायला बसवला गेलो. टेबलाभोवती त्यांचे मित्र होते. एक बँकेतले, एक इंजिनिअर, एक ऑडिटवाले. सगळे शिकलेले, सगळ्यांची मुलं इंग्रजी शाळेत. सुरमईचे काटे ताटाच्या कडेला लावत त्यांनी तासाभरात त्या देशाचा निकाल लावला. बँकवाले म्हणाले, त्या लोकांना लोकशाही पचतच नाही. इंजिनिअरने काबूल आणि कंदाहार यांतली राजधानी कोणती हे टेबलाखाली फोनवर बघून घेतलं आणि मग तो आणखी ठामपणे बोलू लागला. त्या लोकांची काळजी एकाच्याही आवाजात नव्हती. क्रिकेटच्या सामन्यावर बोलावं तसं चाललं होतं, फक्त हरणारा संघ आधीच ठरलेला होता. मी मान डोलावत होतो. सोलकढी छान होती.

आमच्या गोदामात मात्र त्या देशाचा एक माणूस होता. फोर्कलिफ्ट चालवायचा, पन्नाशीचा, दाढी मेंदीने रंगवलेली. आम्ही सगळे त्याला लाला म्हणायचो. त्याचा पासपोर्ट पाकिस्तानचा, कारण तो लहानपणी निर्वासितांच्या छावणीत वाढला होता. पण घर सरहद्दीपलीकडे, जलालाबादच्या बाजूला. भाऊ तिथे, बहीण तिथे, शेत तिथे. त्या महिन्याभरात आमच्यापैकी कुणी त्याला काही विचारलं नाही. मीसुद्धा. तो सकाळी यायचा, पॅलेट उचलायचा, दुपारी उन्हामुळे बाहेरचं काम बंद असायचं त्या वेळेत शेडमध्ये फोन कानाला लावून बसायचा. फोन लागायचा नाही.

सप्टेंबरात वरून हुकूम आला की कंटेनर उघडा, मालाची यादी करा, जे खपेल ते खपवा. पाच कंटेनरांत नेहमीचंच निघालं. सहाव्यात शाळेची बाकं होती. निळी, बुटकी, बसायचं आणि लिहायचं एकत्र. कुठल्याशा छावणीच्या अधिकाऱ्याने शेजारच्या गावाला शाळा भेट द्यायचं ठरवलं होतं. प्रत्येक बाकावर दोन हात मिळवल्याचं चित्र चिकटवलेलं होतं. वीस वर्षं त्या गावांवर विमानं फिरवली, आणि निघायची वेळ आली तेव्हा यांना बाकं सुचली, तीही वेळेवर पोचली नाहीत.

लालाने फोर्कलिफ्ट बंद केली, खाली उतरला आणि एका बाकावर हात फिरवून बघितला. मग तो साहेबांच्या केबिनच्या दारात जाऊन उभा राहिला. मी आत यादी घेऊन बसलो होतो. ही बाकं त्याच्या गावाला पाठवता येतील का, असं त्याने विचारलं. पेशावरपर्यंत पोचली तरी पुरे, पुढे भाऊ नेतील.

साहेब हसले. "अरे लाला, वहाँ अब स्कूल रहेगा क्या? बेंच का क्या करोगे, जलाओगे?"

लाला शांतपणे म्हणाला, "स्कूल तो इन फौजियों के आने से पहले भी था, साहब. बेंच नहीं था."

साहेबांनी बघतो, इंशाल्ला, असं सांगून त्याला वाटेला लावलं. तो दारातून वळला तसं ते माझ्याकडे बघून मराठीत म्हणाले, "आपला देश संपलाय हे यांना कळतच नाही हो." लाला आम्हा मराठी माणसांत बारा वर्षं वावरलेला होता. 'देश' आणि 'संपलाय' हे दोन्ही त्याला समजलं. त्याची पाठ जरा थांबली, मग तो गेला.

मी तेव्हा बोलायला हवं होतं. कराचीचं भाडं लागलं नसतं, आमचा एक कंटेनर तसाही त्या बाजूला चालला होता, आणि कागद मीच करणार होतो. मी यादीत 'बाकं' लिहिलं आणि खाली रेघ मारली.

दोन आठवड्यांनी ती बाकं बुदैयाला गेली. साहेबांच्या ओळखीच्या एकाने तिथल्या शेतात सुट्टीच्या दिवशी चालणारं कॉफीचं ठिकाण काढलं होतं, खजुरीच्या झाडांखाली. त्याला काहीतरी साधं, गावाकडचं हवं होतं. गेटपास मी बनवला. बाकं ट्रकवर लालाने चढवली, कारण फोर्कलिफ्ट दुसऱ्या कुणाला येत नव्हती. एकही बाक त्याने आपटलं नाही. साहेब सावलीत उभे राहून फोनवर कुणाला तरी सांगत होते की अशा देशात शिक्षणावर खर्च करणं म्हणजे वाळूत पाणी ओतणं. तेव्हा मला त्या माणसाची जी शिसारी आली, ती आजही गेलेली नाही. स्वतःची आली ती वेगळी.

पुढच्या वर्षी लाला सुट्टीवर घरी गेला. साहेब म्हणाले की हा आता परत येत नाही. दोन महिन्यांनी तो परत आला, थोडा वाळलेला, हातात चिलगोज्यांची पिशवी. शेडमध्ये बसून त्याने मला एकट्याला सगळं सांगितलं. गावातली शाळा चालू आहे, मुलं सतरंजीवर बसतात. त्याच्या बहिणीची मुलगी सहावीपर्यंत पहिली यायची, सातवीपासून मुलींना शाळा बंद केली, म्हणून ती घरी बसली. बहीण शिक्षिका होती, तीही घरी. आता ती रोज दुपारी स्वयंपाकघरात त्या मुलीला आणि शेजारच्या चौघींना गणित शिकवते, दार लावून. कुणी विचारलं तर शिवणकाम चाललंय असं सांगायचं, म्हणून प्रत्येकीच्या मांडीवर एकेक कापड असतं.

म्हणजे साहेबांचं भाकीत थोडंफार खरं ठरलं होतं. त्यामुळे माझा राग कमी झाला नाही, वाढला. ज्याला पर्वाच नाही त्याला भाकीत करायला काय लागतं? टीव्ही लागतो आणि चहा. स्वयंपाकघराचं दार लावून गणित शिकवणारी बाई त्याच्या कुठल्याच हिशेबात नव्हती. माझ्याही नव्हती.

दुपारी लालाने केबिनमध्ये नेऊन चिलगोजे दिले. साहेबांनी मूठभर घेतले, खुर्ची मागे रेलली आणि विचारलं, "क्या लाला, कैसा है तुम्हारा मुल्क?"

"ठीक है साहब," लाला म्हणाला. "बर्फ अच्छी पडी इस साल."

बाहेर आल्यावर मी त्याला विचारलं की तू त्यांना बहिणीचं का नाही सांगितलंस. तो पायऱ्या उतरता उतरता म्हणाला, "उनको तो सब पहले से मालूम है, भाई." आणि शेडकडे निघून गेला, कारण बाहेर ट्रक येऊन थांबला होता.